उचललेला माणूस

त्या नाटक कंपनीत एक शब्द फार चालायचा, ‘उचलणं’. बाहेरच्याने ऐकला तर त्याला वाटावं, ही मंडळी फावल्या वेळात पाकीटमारी करतात की काय. पण प्रकार तसा नव्हता. नटाने रस्त्यावर, दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही एखादा जिवंत माणूस हेरायचा आणि त्याची चाल, मान हलवण्याची ढब, नाक ओढण्याची तऱ्हा सगळी उचलून रंगमंचावर आणायची. ज्याचं उचललं त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, हा जुना शिरस्ता. नव्या दिग्दर्शिका बाई आल्या आणि त्यांनी तो मोडला. त्या म्हणाल्या, “चोरी कशाला? विचारून उचला ना. माणसाला तालमीला बोलवा, चहा पाजा, समोर बसवा.” बाई मनाने चांगल्या होत्या. पुढे जे झालं त्याचा दोष त्यांच्या माथी मारणं बरं नव्हे.

नाटक जुनं होतं, प्रेक्षकांच्या आजोबांनी पाहिलेलं. एका श्रीमंत बाईला मिरवायला पुतण्या हवा असतो, आणि असलेले पुतणे मिरवण्याच्या लायकीचे नसतात. मग ती तबेल्यातलं एक पोरगं धरते, घासूनपुसून स्वच्छ करते आणि शिष्टाचार शिकवणाऱ्या एका गुरुजींच्या ताब्यात देते. पोरगं तयार होतं. भर मेजवानीत भल्याभल्यांना फसवतं. आणि तेवढ्यात त्याचा खरा चुलता, बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहणारा हमाल, दारात येऊन उभा राहतो. मासळीचा वास वाऱ्याबरोबर पलीकडे जावा म्हणून गुरुजी नाकाला रुमाल लावून म्हणतात, “ह्यांना आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं करा, मग काय ते बोलू.” या एका वाक्यावर तेव्हा माणसं खुर्चीवरून घसरली होती म्हणतात. शेवटी पाहुण्यांपैकी एकेक जण त्या हमालाचा कुणी ना कुणी लागतो असं निघतं, आणि मिरवणारी बाई तर त्याची सख्खी मावसबहीण. पडदा.

गुरुजींच्या कामाला कंपनीत एकच माणूस होता. त्याला सगळे ‘सरकार’ म्हणत. उमराव, न्यायाधीश, बँकेचे मालक, राजवैद्य अशी कामं करून करून ते नाव त्याला चिकटलं होतं, आणि त्यानेही ते झटकलं नव्हतं. बोलणं तोलून मापून, उच्चार स्वच्छ, उजवा हात कायम खिशात. त्या खिशातल्या हातावर एका समीक्षकाने अर्धा स्तंभ खर्च केला होता, ‘पिढीजात बेफिकिरी’ वगैरे. मुलाखतीत कुणी घरचं विचारलं तर तो म्हणायचा, “वडील इंजिनियर होते,” आणि विषय बदलायचा.

वडील कापड गिरणीत बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. एवढं सांगितलं म्हणजे इंजिनियर किती खरे ते कळेल.

तालमी नाट्यगृहाच्या तळघरात चालत. एके दिवशी दुपारी तिथला वरचा पाइप ठिबकायला लागला. श्रीमंत बाईच्या सोफ्यावर पाणी, पुतण्याच्या डोक्यावर पाणी. व्यवस्थापकाने प्लंबरला फोन केला आणि घटकाभराने एक पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून जिना उतरला. सरकार त्या वेळी गुरुजींच्या लांब कोटात, हातात काठी, एका डोळ्यावर काच अशा थाटात उभा होता. त्याने जिन्याकडे पाहिलं.

तो त्याचा दादा होता. सख्खा, थोरला.

दादाने त्याला ओळखायला क्षणही लावला नाही. सगळा चेहरा फुलला, तोंड उघडलं. पुढचा शब्द ‘अरे’ असणार आणि त्यापुढचा ‘छोट्या’, हे सरकारला स्वच्छ दिसलं. तो शब्द तिथे पडला असता तर काय झालं असतं? काही नाही. चार जण हसले असते, चहा मागवला गेला असता. पण हे आता, शहाणपण सुचल्यावर. तेव्हा त्याची पाचावर धारण बसली आणि त्याने गुरुजींच्या आवाजात, काठीचं टोक वर करून म्हटलं, “पाइप तिकडे आहे. सोफा जरा जपून.”

दादाचं तोंड मिटलं. त्याने सोफ्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं.

“बरं साहेब,” तो म्हणाला, आणि शिडी मागायला गेला.

काम संपल्यावर दिग्दर्शिका बाईंनी त्याला चहा देऊ केला. दादाने कप घेण्याआधी उजवा हात पँटवर पुसला. मग उलटा करून पुन्हा पुसला. मग बघितला, आणि मगच कपाला लावला. हमालाचं काम करणारा नट भोपळ्या खुर्चीतून ताडकन उठला. गोलमटोल, गुणी, पण त्या हमालाने त्याच्या नाकी नऊ आणले होते.

“बाई! बघितलंत?”

“बघितलं,” बाई म्हणाल्या. “हाच उचल.” आणि त्यांनी दादाला सगळं नीट समजावून सांगितलं, कशासाठी, का, किती दिवस. दादा ऐकत राहिला. शेवटी त्याने सरकारकडे बघून विचारलं, “ह्या साहेबांची काही हरकत नसेल ना?”

“माझी कसली हरकत?” सरकार म्हणाला. खिशातला हात त्याने आणखी खोल घातला.

त्या संध्याकाळी त्याने दादाला नाट्यगृहाच्या मागच्या बोळात गाठलं. दादा सायकलला पिशवी बांधत होता.

“दादा, अरे, मी एकदम गडबडलो. तू असा अचानक...”

“कळलं मला. घाबरू नकोस. मी नाही बोलणार कुणाला.”

“तसं नाही. पण तू हो कशाला म्हणालास? ते लोक तुझी नक्कल करणार, माहीत आहे ना?”

“करू देत की. माझ्यात नक्कल करण्यासारखं काय आहे ते मलाही कळेल.” दादा हसला. मग पिशवीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत म्हणाला, “छोट्या, तू वर्षातून एकदा घरी येतोस. खुर्चीच्या टोकावर बसतोस, घड्याळ बघतोस, जातोस. इथे रोज तासभर तुला बघायला मिळेल. म्हणून म्हटलं हो.”

 सरकारने सुचेल ते बोलून टाकलं, “मी सांगतो त्यांना. पहिल्या प्रयोगाच्या आत सगळ्यांना सांगतो, हा माझा भाऊ आहे म्हणून. शब्द देतो.”

“तुला जमेल तसं,” दादा म्हणाला आणि सायकलवर टांग मारली.

शब्द दिला, आता तो पाळायचा एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरलं, पण दुसऱ्या दिवशी बाईंचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा बातमीदार आला होता. मग श्रीमंत बाईचं काम करणारीचा घसा बसला. न सांगायला कारण शोधणाऱ्या माणसाला कारणांचा दुष्काळ कधीच पडत नाही. सरकार सकाळी आरशासमोर वाक्य घोटायचा, “एक गंमत सांगू का, हे खरं तर...” गंमत! आपल्या भावाबद्दल बोलताना आधी ‘गंमत’ हा शब्द जोडावा लागतोय, याचीच त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की वाक्य आणखी एक दिवस पुढे ढकललं जायचं.

दादा मात्र रोज काम आटोपून यायचा. स्वच्छ शर्ट घालून यायला लागला, तेव्हा भोपळ्यानेच त्याला सांगितलं की कामाच्याच कपड्यात या, शर्टात तुम्ही वेगळे दिसता. मग तो डाग पडलेल्या कपड्यात यायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा. भोपळ्या त्याला उठवायचा, बसवायचा, चालायला लावायचा, उगीचच कप पुढे करायचा. दादा आपला प्रत्येक वेळी इमानदारीत हात पुसायचा. त्याची ती सवयच होती, काय करणार? कंपनीतली पोरीबाळी त्याला ‘काका’ म्हणायला लागल्या. त्याने स्वच्छतागृहाचा गळका नळही जाता जाता नीट करून टाकला. सरकारकडे तो फारसं बघायचा नाही, पण सरकारची वाक्यं सुरू झाली की हातातलं बिस्कीट तसंच धरून ऐकत बसायचा. सरकारला ते दिसायचं. त्याचं काम त्या दिवसांत इतकं उत्तम होत होतं की बाई चकित झाल्या.

एक दिवस भोपळ्याने विचारलं, “काका, हात असा दोन्ही बाजूंनी का पुसता हो? हात तर स्वच्छ आहे.”

“आमच्या बाबांची सवय,” दादा म्हणाला. “ते कोळशात काम करायचे. साहेब लोकांकडून पगाराचं पाकीट घेताना, दुकानात काही घेताना, आधी हात पुसायचे. म्हणायचे, आपला डाग दुसऱ्याच्या वस्तूला नको. आम्हा पोरांनाही तसंच लावलं. आता हात स्वच्छ असला तरी आपोआप जातो पँटवर.”

“पोरांनाही? म्हणजे भाऊ आहे तुम्हाला?”

“आहे एक. धाकटा.”

“तोही पुसतो?”

 “लहानपणी पुसायचा. आता ठाऊक नाही.”

सरकारने खिशातल्या हाताची मूठ आवळली. ‘पिढीजात बेफिकिरी’ ती हीच. वयाच्या विसाव्या वर्षी, पहिल्या कंपनीत, मालकिणीने खाऊची बशी पुढे केली तेव्हा त्याचा हात असाच पँटवर गेला होता आणि दोन नट्या एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. त्या दिवसापासून तो हात खिशात गेला तो बाहेरच आला नाही.

“पिढीजात वळण! सोनं आहे हे,” बाई म्हणाल्या. मग सहज मान वळवून, “सरकार, तुमचे वडीलही कारखान्यातच होते ना? इंजिनियर?”

तळघरात आठ-दहा माणसं होती. सगळी त्याच्याकडे बघत होती, आणि कोपऱ्यातून दादाही. याहून सोपी संधी कोण देणार होतं? नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं.

“हो,” सरकार म्हणाला.

दादाने मान खाली घातली आणि कपातल्या चहाकडे बघत हळूच म्हणाला, “मोठी माणसं.” भोपळ्या हसला. तो टोमणा होता की दादा नुसता सांभाळून घेत होता, हे सरकारला त्या रात्री अंथरुणात कूस बदलून बदलूनही ठरवता आलं नाही. एवढं मात्र त्याला कळलं, की आज त्याने भावाला नाही, बापालाच नाकारलं होतं. आणि बाप आता तक्रार करायलाही उरला नव्हता.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. कंपनीने दादाला तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या दिल्या होत्या. शेजारी वहिनी होती, ठेवणीतला कोट घालून, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. पडद्याच्या फटीतून सरकारने त्यांना पाहिलं. अजून वेळ होता. बाई विंगेतच होत्या. “बाई,” तो म्हणाला. बाईंनी वळून त्याचे दोन्ही खांदे धरले, “आज काही बोलू नका, फक्त खेळा.” आणि तो मेला लगेच गप्प बसला. कुणीतरी गप्प बस म्हणावं याचीच वाट बघत होता जणू.

पहिला अंक छान गेला. दुसऱ्या अंकात मेजवानी मांडली होती, मेणबत्त्या पेटल्या होत्या, आणि दार उघडून भोपळ्या आत आला. तो दादासारखा चालत होता. एक खांदा पिशवीच्या वजनाने उतरलेला, पिशवी नसतानाही. पुतण्याने घाबरून त्याच्यापुढे सरबताचा पेला धरला. भोपळ्याने हात पुसला. उलटा करून पुसला. बघितला. पुन्हा पुसला. लोक हसायला लागले. त्याने तो हात कोटावर पुसला, टेबलाच्या कापडावर पुसला, शेवटी शेजारच्या पाहुणीच्या झग्यावर पुसला. नाट्यगृह नुसतं फुटलं. माणसं डोळे टिपत होती.

तालमीत हे एवढं नव्हतं. गुणी नट हशा मिळाला की वाढवतो, भोपळ्याचा त्यात काही अपराध नाही.

सरकारने तिसऱ्या रांगेकडे नजर टाकली. दादा हसत होता, आजूबाजूचे हसतात म्हणून हसावं तसा, जरा उशिरा. वहिनी हसत नव्हती. ती दादाच्या हाताकडे बघत होती, आणि दादाने तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला होता.

आता वाक्य सरकारचं होतं. तो ते गाळू शकला असता. नुसता रुमाल हलवून पुढे गेला असता तरी चाललं असतं. पण तो नट होता आणि लोक तयार बसले होते. त्याने रुमाल नाकाला लावला. थांबला. तालमीत थांबायचा त्याहून जास्त थांबला, इतका की प्रेक्षकांत कुणीतरी आधीच खुदकन हसलं. मग म्हणाला, “ह्यांना आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं करा, मग काय ते बोलू.”

असा हशा त्याला जन्मात मिळाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. पूर्ण, निखळ आनंद, दोन-तीन श्वासांपुरता. मग तो आनंद कशाचा आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि पुढचा सगळा अंक त्याने मेल्याहून मेल्यासारखा केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. वाक्यं पाठ होती.

शेवटी सगळे कलाकार ओळीने उभे राहिले. टाळ्या थांबेनात. बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “ज्यांच्याकडून आम्ही आजचा हा हमाल उचलला, ते आज इथे आहेत. काका, वर या.” दादा नको नको म्हणत होता, पण शेजारच्यांनी त्याला उठवलंच. तो बाजूच्या पायऱ्या चढून वर आला, दिव्यांमुळे डोळे बारीक करत. भोपळ्याने त्याला मिठी मारली. टाळ्या दुप्पट झाल्या.

आणि सरकारला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. तो दोन पावलं पुढे आला. त्याने हात वर केला, नाट्यगृह शांत होईपर्यंत थांबला.

“रसिकहो,” तो म्हणाला, “एक सांगायचं राहिलं. हे गृहस्थ माझे सख्खे थोरले बंधू आहेत.”

शब्द बाहेर पडताना त्याचे त्यालाच ऐकू आले. स्वच्छ, तोलून टाकलेले, ‘सख्खे’च्या आधी नेमका विराम. अंगावर गुरुजींचा कोट, डोळ्यावर काच. जे बोळात, तळघरात, विंगेत साध्या आवाजात बोलायचं होतं ते त्याने टाळ्यांसाठी राखून ठेवल्यासारखं झालं होतं.

 मग वरच्या सज्जातून कुणीतरी हसलं आणि मागोमाग सगळं नाट्यगृह. बरोबरच होतं त्यांचं. नाटकात आत्ताच सगळे त्या हमालाचे नातेवाईक निघाले होते, मग गुरुजींनीच काय घोडं मारलं होतं? कुणी ओरडलं, “वा, गुरुजी!” भोपळ्या पोट धरून हसत होता.

“नाही, खरंच,” सरकार म्हणाला. “खरंच सांगतोय. हा माझा दादा आहे.” लोक आणखी हसले.

बाईंनी हसत हसत दादाला विचारलं, “काका, काय म्हणतात हे? खरं की काय?”

दादाने सरकारकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून, इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं तसं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सरकारने तो दोन्ही हातांनी घेतला असता.

“नाही हो बाई,” दादा म्हणाला. “साहेब थट्टा करतात. माझा भाऊ असता तर पहिल्याच दिवशी बोलला नसता का?”

संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तोच. माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी खूण केली तसे सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले आणि सगळी ओळ एकदम वाकली. सरकारही वाकला, कारण इतक्या वर्षांत शरीराला दुसरं काही माहीतच नव्हतं. वाकल्या वाकल्या त्याने तिरक्या नजरेने बाजूला बघितलं. दादाला वाकायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या ओळीत तो एकटाच सरळ उभा होता, आणि तिसऱ्या रांगेत वहिनी कुठे दिसते ते बघत होता.